मागच्या बाकावरून वाचता येईल अशी मराठी पीपीटी ऑनलाइन कशी बनवायची

पीपीटी बिघडते ती बहुतेक वेळा हॉलमध्ये गेल्यावर. घरी दीड फुटावरून झकास दिसणारी स्लाइड कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात किंवा कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये पडद्यावर पडते आणि मागच्या रांगेतली माणसं डोळे बारीक करतात. दोन मिनिटांत मोबाइल बाहेर निघतात. विषय चांगला असतो, बोलणाऱ्याची तयारीही असते, पण अक्षर दिसत नाही, आलेख कळत नाही. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी मागच्या बाकावरून उलट मोजत आलेली आहे.

उदाहरण एकच धरू. तालीम मंडळाच्या बैठकीत किंवा कॉलेजच्या वर्गात पंचगंगेच्या पुरावर १० मिनिटांचं सादरीकरण करायचं आहे. तुमचा विषय गुळाचा बाजारभाव असो, हुपरीची चांदी असो की बचत गटाचा वार्षिक हिशेब, कृती हीच राहते.

आधी हॉल मोजा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: पडदा किती रुंद आहे, मागची रांग पडद्यापासून किती लांब आहे, आणि प्रोजेक्टर रुंद आकाराचा आहे की जुना चौकोनी. पहिल्या दोन उत्तरांवरून घरच्या घरी चाचणी घेता येते. मागच्या रांगेच्या अंतराला पडद्याच्या रुंदीने भागा आणि येईल त्या आकड्याला लॅपटॉपच्या स्क्रीनच्या रुंदीने गुणा. पडदा ६ फूट रुंद, मागची रांग ४० फुटांवर आणि स्क्रीन साडेतेरा इंच रुंद असेल, तर उत्तर येतं सुमारे ९० इंच, म्हणजे साडेसात फूट. स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा, साडेसात फूट मागे जा आणि वाचा. तिथून जे वाचता येणार नाही ते मागच्या बाकालाही वाचता येणार नाही. ही चाचणी पहिली स्लाइड झाल्या झाल्या घ्या. वीस स्लाइड झाल्यावर घेतली तर सगळंच पुन्हा करायची वेळ येते.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं

फुकटात भागवायचं तर तीन पर्याय आहेत. गूगल स्लाइड्ससाठी फक्त जीमेलचं खातं लागतं. साठवणुकीला १५ जीबी जागा मिळते, पण तीच जागा मेल आणि फोटोही वापरतात. पॉवरपॉइंटची वेबवरची आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालते आणि वनड्राइव्हवर ५ जीबी मिळतात. कॅनव्हामध्ये तयार नमुने भरपूर आणि देखणे आहेत, पण मुकुटाचं चिन्ह असलेलं चित्र किंवा नमुना पैसे भरल्याशिवाय स्वच्छ उतरवून घेता येत नाही. शेवटच्या क्षणी चित्रावर आडवी वॉटरमार्कची जाळी दिसते ती यामुळे.

आमचं मत स्पष्ट आहे. चार जण मिळून काम करणार असाल, मजकूर मराठी असेल आणि आकडे बदलत राहणार असतील, तर गूगल स्लाइड्स घ्या. दुकानाची जाहिरात किंवा समारंभाची चित्रमाला करायची असेल तर कॅनव्हा. कॉलेजने पॉवरपॉइंटचीच फाइल मागितली असेल तर सुरुवातच पॉवरपॉइंटमध्ये करा. एकीकडे बनवून दुसरीकडे उतरवलं की मजकुराचे चौकोन सरकतात आणि फॉन्ट बदलतात. पुढच्या पायऱ्या गूगल स्लाइड्सच्या आहेत.

वहीत आठ ओळी

आधी वहीत एक वाक्य लिहा: बैठक संपल्यावर माणसाने घरी काय घेऊन जायचं? पुराच्या विषयात ते वाक्य असं होईल: ‘इशारा पातळी आणि धोका पातळी यांच्यातले ४ फूट हाच आपला तयारीचा वेळ.’ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. कोल्हापूरकराला हे आकडे पाठ असतात, पण त्या ४ फुटांत काय करायचं हे ठरलेलं नसतं. तीच गोष्ट सांगायची आहे.

त्या वाक्याखाली एकेका स्लाइडची एकेक ओळ लिहा. १० मिनिटांना ८ ते १० ओळी पुरतात. आपल्या उदाहरणात त्या अशा: पातळी कुठे मोजतात, पाणी कोणकोणत्या नद्यांतून येतं, राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे, एका दरवाजातून किती पाणी येतं, गेल्या पावसाळ्यातल्या पातळीचा आलेख, आपल्या गल्लीत पाणी कुठल्या बाजूने शिरतं, ३९ पासून ४३ पर्यंत जायला किती तास लागले, आणि कोणी कोणाला फोन करायचा. ‘प्रस्तावना’, ‘उद्दिष्टे’, ‘अनुक्रमणिका’ यांच्या स्लाइड काढून टाका. १० मिनिटांतली दोन मिनिटं त्यांच्यावरच जातात आणि ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही.

फाइल आणि पानाचं माप

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत स्लाइड्स डॉट न्यू एवढंच इंग्रजीत टाइप केलं की कोरी फाइल उघडते. लगेच तिला नाव द्या. मग फाइल मेनूतलं ‘पेज सेटअप’ उघडा. मूळ माप १६:९ असतं, म्हणजे १० इंच रुंद आणि ५.६३ इंच उंच. हॉलचा प्रोजेक्टर जुना, ४:३ आकाराचा असेल तर इथेच ४:३ निवडा. रुंद स्लाइड चौकोनी पडद्यावर टाकली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पाव पडदा वाया जातो. माप बदलायचं ते आत्ताच. मजकूर आणि चित्रं भरल्यावर बदललं तर सगळी मांडणी हलते.

इथे एका घोळाकडे लक्ष द्या. गूगल स्लाइड्सचं पान १० इंच रुंद असतं, तर पॉवरपॉइंटचं १३.३३ इंच. त्यामुळे गूगलमधलं २४ पॉइंटचं अक्षर पडद्यावर पॉवरपॉइंटमधल्या ३२ पॉइंटएवढं दिसतं. ‘२४ च्या खाली जाऊ नका’ असं कोणी सांगितलं तर कशातलं २४ ते विचारा. आकड्यापेक्षा उंचीचं प्रमाण लक्षात ठेवणं बरं: मुख्य मजकुराचं अक्षर स्लाइडच्या उंचीच्या सतराव्या भागापेक्षा लहान नको. गूगल स्लाइड्सच्या १६:९ पानावर ते जवळपास २४ येतं.

थीम बिल्डर आणि मराठी अक्षर

प्रत्येक स्लाइडवर जाऊन फॉन्ट बदलत बसू नका. ‘व्ह्यू’ मेनूत ‘थीम बिल्डर’ आहे. डावीकडे सगळ्यात वर दिसणाऱ्या मुख्य पानावर शीर्षकाचा फॉन्ट, आकार आणि रंग एकदाच ठरवा: शीर्षक ३६ ते ४०, मजकूर २४ ते २८. पुढची प्रत्येक स्लाइड तेच रूप घेते आणि उद्या विचार बदलला तर एकाच जागी बदल करावा लागतो.

आता फॉन्ट. फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’वर जा आणि लिपी म्हणून देवनागरी निवडा. पडद्यासाठी मुक्त, हिंद, पॉपिन्स आणि नोटो सान्स देवनागरी हे सुटसुटीत आहेत. मुक्त आणि बालू हे दोन्ही मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांचे आहेत. बालू जाड आणि गोल असल्यामुळे शीर्षकाला शोभतो, मजकुराला जड होतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी हा खास मराठीसाठी केलेला फॉन्ट आहे. फक्त त्याच्या रेषा कमी-जास्त जाडीच्या असल्याने तो मोठ्या आकारातच वापरा. एका सादरीकरणात दोन फॉन्ट पुष्कळ झाले.

इंग्रजीसाठी केलेले नमुने देवनागरीत जिथे मोडतात त्या जागा ओळखून ठेवा. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी-मात्रा येतात आणि खाली उकार-ऋकाराची शेपटं. ओळींमधलं अंतर १.० ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अंतर १.१५ ते १.३ ठेवा. अधोरेखन करू नका, ती रेघ उकारातून जाते. तिरपं अक्षरही नको, कारण बऱ्याच देवनागरी फॉन्टना खरी तिरपी घडण नसते आणि सॉफ्टवेअर सरळ अक्षरच वाकवतं. कॅनव्हाच्या नमुन्यांत शीर्षकाच्या अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे होतात. ते अंतर शून्यावर आणा. जोर द्यायचा असेल तर रंग बदला किंवा आकार वाढवा. लहान आकारात ठळक केलं की ‘क्ष’, ‘ष’, ‘श्री’ यांच्यातल्या मोकळ्या जागा भरून जातात.

टायपिंगची एक चूक सगळीकडे दिसते: ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’. मोठ्या पडद्यावर ती फार खटकते. विंडोजच्या मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश ही बटणं दाबली की ‘ऱ्य’ येतो. छापखान्यातून श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर मिळाला असेल तर तो चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा नीट वाचून काढा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बदलताना हमखास जागा सोडतात.

रंगांचं थोडक्यात. खिडक्या असलेल्या उजेडी हॉलमध्ये काळी पार्श्वभूमी राखाडी दिसते आणि अक्षर मरतं. तिथे पांढरट पार्श्वभूमी आणि गडद निळं किंवा काळं अक्षर घ्या. पांढऱ्यावर पिवळं अक्षर कुठेच दिसत नाही. लाल आणि हिरवा या दोनच रंगांवर फरक अवलंबून ठेवू नका. काही लोकांना ते सारखेच दिसतात.

एक स्लाइड, जवळून

आता खरं काम. सर्रास दिसणारी स्लाइड अशी असते: वर ‘पुराची कारणे’, खाली आठ मुद्दे, त्यातला पाचवा ‘राधानगरी धरणातून होणारा विसर्ग (१,४२८ क्युसेक प्रति दरवाजा)’. बोलणारा ते वाचून दाखवतो. लोक त्याच्या आधीच वाचून मोकळे होतात आणि क्युसेक म्हणजे किती हे कोणालाच कळत नाही.

तो एकच मुद्दा उचला आणि त्याला पूर्ण स्लाइड द्या. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. १,४२८ ला २८.३ ने गुणलं की सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर होतात. १० हजार लिटरचे ४ टँकर, दर सेकंदाला, एका दरवाजातून. टँकर सगळ्यांनी पाहिलेला असतो. स्लाइडचं शीर्षक आता पूर्ण वाक्य होतं: ‘एक दरवाजा उघडला, की सेकंदाला ४ टँकर पाणी’.

करायचं असं. ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘शेप’ घ्या. एक आडवा गोल कडांचा आयत, त्याला लागून एक लहान चौकोन आणि खाली दोन वर्तुळं काढली की टँकर झाला. चारही आकार निवडून कंट्रोल-ऑल्ट-जी दाबा, त्यांचा गट होतो. मग कंट्रोल-डी तीनदा दाबा, चार टँकर होतात. शेवटचा टँकर ओढून उजव्या कडेला न्या, चारही निवडा, ‘अरेंज’ मेनूतल्या ‘अलाइन’मधून एका रेषेत आणा आणि ‘डिस्ट्रिब्यूट’मधून आडवं समान अंतर द्या. अंतर नजरेने जुळवू नका. लॅपटॉपवर न दिसणारा फरक सहा फुटी पडद्यावर उठून दिसतो. टँकरांखाली २४ पॉइंटमध्ये एकच ओळ: ‘१,४२८ क्युसेक = सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर’. बाकी सगळी जागा मोकळी सोडा. ती भरावीशी वाटते, पण भरू नका.

उरलेल्या सात मुद्द्यांचं काय? ज्यांना चित्र, आलेख किंवा नकाशा मिळेल त्यांना स्वतंत्र स्लाइड द्या. ज्यांना मिळत नाही ते तोंडी सांगा आणि स्लाइडच्या खालच्या ‘स्पीकर नोट्स’मध्ये लिहून ठेवा. १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि तिने सुरुवात मूकपटांनी केली. मूकपटात आधी चित्र दिसायचं आणि अधूनमधून एका वाक्याची पाटी यायची. स्लाइडचं आणि बोलण्याचं नातं तसंच ठेवा: पडद्यावर चित्र आणि एक वाक्य, बाकीचं तुमच्या तोंडून.

आलेख: फूट-इंचांचा सापळा

पातळीचा आलेख गूगल शीट्समध्ये करायचा आणि स्लाइडमध्ये जोडायचा. शीट उघडल्यावर आधी ‘फाइल’मधल्या ‘सेटिंग्ज’मध्ये लोकेल भारत आहे ना ते बघा. अमेरिका असेल तर ८/७ ही ८ जुलै न धरता ७ ऑगस्ट धरली जाते आणि आलेखाची रेघ उड्या मारते.

दुसरी चूक जास्त घातक आहे. पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत जाहीर होते. ‘४१ फूट ६ इंच’ म्हणजे ४१.५ फूट, ४१.६ नव्हे. आणि ‘४१ फूट ११ इंच’ हे ४१.११ असं टाकलं तर ४१ फूट ६ इंचांपेक्षा खाली दिसतं. पाणी चढत असताना आलेख उतरताना दाखवतो. म्हणून फुटांचा एक आणि इंचांचा एक असे वेगळे रकाने करा आणि तिसऱ्या रकान्यात सूत्र लिहा: फूट अधिक इंच भागिले १२. त्याच्या पुढे ‘इशारा’ रकान्यात प्रत्येक दिवसासमोर ३९ आणि ‘धोका’ रकान्यात ४३ भरा.

आता तारीख, पातळी, इशारा आणि धोका हे चार रकाने निवडून ‘इन्सर्ट’मधून ‘चार्ट’ घ्या आणि रेषालेख निवडा. ‘कस्टमाइझ’मध्ये पातळीची रेघ गडद निळी आणि ४ पिक्सेल जाड करा, इशाऱ्याची नारिंगी, धोक्याची लाल, दोन्ही २ पिक्सेल. उभ्या अक्षाची सुरुवात पावसाळ्यातल्या सगळ्यात खालच्या नोंदीच्या जरा खाली ठेवा. अक्षावरच्या अक्षरांचा आकार वाढवा, मूळ आकार हॉलमध्ये दिसत नाही. रंगसूची काढून टाका. स्लाइडवर आलेख आल्यावर मजकुराच्या चौकोनांत ‘धोका ४३’, ‘इशारा ३९’ असं त्या त्या रेघेच्या टोकालाच लिहा. बघणाऱ्याला रंग शोधत डोळे फिरवावे लागत नाहीत.

स्लाइड्समध्ये ‘इन्सर्ट’, ‘चार्ट’, ‘फ्रॉम शीट्स’ असं जा, आलेख निवडा आणि ‘लिंक टू स्प्रेडशीट’ची खूण राहू द्या. उद्या शीटमध्ये नोंद वाढवली की स्लाइडवरच्या आलेखाच्या कोपऱ्यात ‘अपडेट’चं बटण येतं. ते दाबेपर्यंत जुनाच आलेख राहतो, हे कार्यक्रमाच्या सकाळी आठवणीने बघा.

नकाशा आणि हालचाल

नद्यांच्या स्लाइडसाठी उपग्रह नकाशाचं चित्र खाली ठेवा. ‘इन्सर्ट’मधल्या ‘लाइन’मधून ‘कर्व्ह’ घ्या आणि भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकेक करून गिरवा. वळणावळणावर क्लिक करत जायचं आणि शेवटी डबल क्लिक. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे पंचगंगा जाड रेघेने काढा. मग खालचं उपग्रह चित्र पुसून टाका. उरतो तो स्वच्छ, तुमचा स्वतःचा नकाशा. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. ती तुटक रेघेने दाखवली तर कोल्हापूरकराला न सांगता कळते.

नद्या एकेक करून दिसाव्यात असं वाटणारच. ॲनिमेशनने ते करता येतं, पण पीडीएफ केली की सगळे टप्पे एकाच पानावर एकदम येतात. त्यापेक्षा पूर्ण नकाशाच्या स्लाइडच्या पाच प्रती करा आणि पहिल्या प्रतीत एकच नदी, दुसरीत दोन, अशा ठेवा. बटण दाबत गेलं की नद्या येत गेल्यासारख्या दिसतात आणि पीडीएफमध्येही क्रम टिकतो. बाकी उड्या मारणारी अक्षरं आणि गिरक्या घेणारी पानं नकोतच. कॅनव्हाचे नमुने ॲनिमेशन चालू ठेवूनच येतात, तिथे ते सगळ्या पानांवरून एकदम काढून टाका.

फोटो

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवले की ते दाबून लहान केलेले येतात. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. उलट अडचणही येते: गूगल स्लाइड्स ५० एमबीपेक्षा जड किंवा २५ मेगापिक्सेलपेक्षा मोठं चित्र घेत नाही. हल्लीच्या फोनवर ५० मेगापिक्सेलने काढलेला फोटो चढतच नाही आणि कारण कळत नाही. तो १९२० पिक्सेल रुंद करून घ्या, पडद्याला तेवढा पुरतो. आयफोनचा फोटो हाइक (HEIC) प्रकारातला असेल तर आधी जेपीजी करा.

फोटो पूर्ण स्लाइडभर लावा. कोपऱ्यातला तिकिटाएवढा फोटो असून नसल्यासारखा. फोटोवर अक्षर लिहायचं असेल तर मध्ये काळा आयत टाका आणि त्याची पारदर्शकता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. वर्तमानपत्रातला फोटो उचलू नका. गल्लीतल्या लोकांनी काढलेले फोटो त्यांना विचारून, नाव देऊन वापरा. आपल्याच घराचा जिना पाण्यात दिसला की माणूस जागा होतो. कुठल्याही तयार चित्राला ते जमणार नाही.

चौघांनी मिळून करताना

‘शेअर’मध्ये ज्यांनी काम करायचं त्यांना ‘एडिटर’ करा, ज्यांनी फक्त तपासायचं त्यांना ‘कमेंटर’. सगळ्यांना एडिटर केलं तर प्रत्येक जण आपल्या आवडीचा रंग लावतो. दिसण्याची जबाबदारी एकाकडे द्या. तयार झालेल्या टप्प्याला ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये नाव द्या, म्हणजे आदल्या रात्री कोणी स्लाइड पुसली तरी परत आणता येते.

तालीम आणि कार्यक्रमाचा दिवस

घड्याळ लावून मोठ्याने दोनदा बोला. मनातल्या मनात म्हटलेलं नेहमी लवकर संपतं. एखाद्या स्लाइडवर दोन मिनिटांपेक्षा जास्त अडकत असाल तर तिथे दोन स्लाइड हव्यात.

हॉलच्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडायला गेलं की पडताळणीचा कोड फोनवर येतो आणि नेमकी तिथे रेंज नसते. त्यामुळे तीन वाटा तयार ठेवा. पहिली: फाइलला ‘लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल’ अशी परवानगी द्या आणि ती लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. परवानगी मागणारं पान आलं तर हॉलमध्येही तेच येणार. दुसरी: स्वतःच्या लॅपटॉपवर क्रोम किंवा एजमध्ये फाइल ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा आणि वायफाय बंद करून उघडते का ते बघा. तिसरी आणि सगळ्यात भरवशाची: पेनड्राइव्हवर पीडीएफ. पॉवरपॉइंटची फाइल नेली तर हॉलच्या कॉम्प्युटरवर मुक्त किंवा बालू नसतो, त्याजागी दुसराच फॉन्ट येतो आणि ओळी चौकोनाबाहेर सांडतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच असतो. व्हिडिओ मात्र पीडीएफमध्ये चालत नाही, तो वेगळा उतरवून घ्या, अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नको.

हॉलवर अर्धा तास आधी पोचा. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए केबल असते आणि नव्या लॅपटॉपला एचडीएमआय, तेव्हा जोडणी बरोबर न्या. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलं की प्रेक्षकांना स्लाइड दिसते आणि तुम्हाला ‘प्रेझेंटर व्ह्यू’मध्ये नोट्स आणि घड्याळ. ‘डुप्लिकेट’ राहिलं तर तुमच्या नोट्स सगळ्या हॉलला दिसतात. पहिली स्लाइड लावा आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसा. पडद्याजवळचे दिवे मालवायला सांगायची हीच वेळ.

बोलताना एल दाबलं की लाल ठिपका येतो, बी दाबलं की पडदा काळा होतो. लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा बी वापरा. कोणी मागची स्लाइड दाखवायला सांगितली तर तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, एकेक पान मागे जात बसू नका. त्यासाठी स्लाइडचे क्रमांक लिहिलेला एक कागद हाताशी ठेवा.

‘धन्यवाद’ आणि फुलांचा गुच्छ असलेली शेवटची स्लाइड काढून टाका, आभार तोंडी माना. प्रश्नोत्तरं सगळ्यात जास्त वेळ चालतात आणि तेवढा वेळ जे पडद्यावर असतं तेच लोक घरी घेऊन जातात. तिथे पातळीचा आलेख पुन्हा लावा, ३९ आणि ४३ च्या रेघांसह, आणि त्याखाली गल्लीतल्या ज्या दोघांना आधी फोन करायचा त्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत, त्यांची परवानगी घेऊन. लोकांना मोबाइल काढून त्या स्लाइडचा फोटो घ्यायला सांगा.